बोअरचं गोड पाणी

"घास! अजून जोरात घास!"

गल्लीतले फोटोवाले रोज सकाळी आपल्या लेकीच्या शेजारी उभे राहून ओरडत. ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्ट, पण दातांवरचे तपकिरी डाग हटायचं नाव घेत नव्हते. "आळशी आहेस, दुसरं काही नाही!"

दिवसभर गिऱ्हाइकांना "जरा हसा" म्हणणाऱ्या या माणसाची मुलगी वर्गात तोंडावर हात धरून बसायची. एकदा तिचा नकळत टिपलेला हसरा फोटो त्यांना सापडला. कॉम्प्युटरवर दात पांढरेशुभ्र करून त्यांनी तो मोठ्या कौतुकानं तिला दाखवला.

पोरगी रडायलाच लागली. "मी आहे तशी आवडत नाही ना तुम्हाला?"

बायको, लेक आणि कडेवरच्या धाकट्याला घेऊन त्यांनी दातांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी दात पाहून विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आमच्या बोअरचं! नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. आमचं गोड, सगळी गल्ली नेते. आणि उकळून पितो हो!"

"उकळून फ्लोराईड जात नाही. तुमच्या पाण्यात ते जास्त असावं, तपासून घ्या. दात हिरडीखाली तयार होतानाच हे डाग पडतात, ते घासून जायचे नाहीत. पेस्टमध्येही फ्लोराईड असतं. बाळ, पेस्ट गिळतेस का गं?"

"गोड लागते," मुलगी पुटपुटली.

"म्हणजे... तिची चूक नाही?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"तिची कशी असेल? बोअरचं बटण ती दाबते? पेस्ट ती विकत आणते? या धाकट्याचे पक्के दात तरी वाचवा. अजून वेळ आहे."

आईनं बाळाची दुधाची बाटली गुपचूप पिशवीत सरकवली. पावडरचं दूध बोअरच्याच पाण्यात कालवलेलं होतं.

तपासणीत पाणी खराबच निघालं. फोटोवाले दारोदार फिरले. "पोरांना आमचं पाणी पाजू नका," असं सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. घरात प्यायला नळाचं पाणी आलं, लेकीच्या ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट आली. मग ते लेकीजवळ बसले.

"चुकलं गं माझं. उगाच बोलत राहिलो तुला."

तिनं वर पाहिलं. "मग माझे दात घाण नव्हते?"

"नव्हते! कधीच नव्हते!" आणि त्यांना रडू आवरेना.

वाचकहो, पाणी तपासून घ्या, पेस्ट थुंकायला शिकवा. आणि मुलांच्या दातांवर डाग दिसले, तर त्यांना दटावण्याआधी आपणच त्यांना काय पाजतोय, ते बघा!