मामाची हरकत

वादळ ओसरलं तेव्हा शहरातला मोठा नाला उन्मळून पडलेल्या झाडांनी, पत्र्यांनी आणि पडक्या भिंतींच्या विटांनी गच्च भरला होता. पाण्याला वाट उरली नव्हती, म्हणून ते खालच्या वस्तीतल्या घरांत शिरायला लागलं. इस्पितळाच्या फाटकात एक जुनं झाड आडवं झालं होतं. आतले पेशंट आत आणि रुग्णवाहिका बाहेर अशी गत. त्यात संध्याकाळी पुन्हा पावसाचा इशारा.

नगरपालिकेच्या इंजिनीयर बाई सकाळपासून चिखलात उभ्या होत्या. माणसं होती, ट्रक होते, जेसीबी होता. जागा तेवढी नव्हती. नेहमीचा कचरा डेपो पाण्याखाली गेला होता.

"बाई, उचलायला आम्ही तयार आहोत," ट्रकवाला म्हणाला, "पण टाकू कुठे? डोक्यावर?"

"माझ्या डोक्यावर आधीच भरपूर आहे. थांब जरा."

जागा त्यांना माहीत होती. गावाबाहेरची बंद दगडखाण. पण काही वर्षांपूर्वी नगरपालिकेनं तिथे वाट्टेल तो कचरा ओतला आणि खाणीशेजारच्या एका विहिरीचं पाणी नासलं. विहिरीच्या मालकानं पर्यावरण कार्यालयाचे उंबरे झिजवले आणि खाणीवर बंदी आणली. तो मालक म्हणजे बाईंचा सख्खा मामा. वडील गेल्यावर यानंच त्यांना वाढवलं, शिकवलं. विहीर नासली तेव्हा मामा म्हणाला होता, "सोड ती नोकरी." बाईंनी सोडली नाही. तेव्हापासून मामाचं दार त्यांना बंद झालं.

बाई आधी पर्यावरण कार्यालयात गेल्या. छत गळत होतं म्हणून अधिकारी मॅडमनी टेबल जिन्याखाली ओढून घेतलं होतं.

"तातडीची परवानगी मी आत्ता देऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "थोड्या मुदतीची, आणि नंतर सगळं तिथून उचलायच्या अटीवर. पण बंदी ज्यांच्या तक्रारीवरून घातली, त्यांना डावलून नाही देणार. त्यांना घेऊन या. मी इथेच आहे. घरी जाऊन तरी काय करू, घरावर छप्पर कुठे आहे?"

मामाच्याही घराचे अर्धे पत्रे उडाले होते. तो शिडीवर चढून एकटाच ताडपत्री बांधत होता.

"कोण? नगरपालिका का?" त्यानं वळून न बघताच विचारलं.

"बारकी आहे, मामा."

"एकच की."

बाईंनी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं, ओढून खांबाला बांधलं आणि शिडी धरून उभ्या राहिल्या. मामा सावकाश उतरला. मग त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. नाला, इस्पितळ, खाण.

"दुधानं तोंड पोळलंय माझं," मामा म्हणाला. "आता ताकही फुंकून पितो मी. मी नाही म्हणालो तर?"

"तर दुसरी जागा शोधीन."

"आहे दुसरी जागा?"

"नाही."

या उत्तरावर मामानं पहिल्यांदा भाचीकडे नीट पाहिलं. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, केसांत झाडाचा पाला.

"काय काय आणणार तिथे?"

"झाडं, लाकूड, विटा. बस."

"आणि भिजलेल्या गाद्या? सडलेलं धान्य? रंगाचे डबे? तेव्हाही असंच 'बस' म्हणाले होते. बघणार कोण? तुझे साहेब? उंटावरून शेळ्या हाकणारे?"

"तू बघ," बाई म्हणाल्या. हे ठरवून आलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण निघाल्यावर त्यांना ते पटलं. "खरंच, तूच बघ. तू नको म्हणालास की ट्रक माघारी. तसं परवानगीतच लिहून घेऊ."

मामा विहिरीशी गेला आणि कठड्यावर हात टेकून खाली बघत राहिला.

"यंदा कुठे पाणी पिण्याजोगं झालंय, बारके," तो म्हणाला.

आता एक शब्दही जास्त बोलायचा नाही, असं बाईंनी ठरवलं. विनवणी केली असती तर कदाचित मामानं ऐकलंही असतं, पण ते त्यांना नको होतं.

बऱ्याच वेळानं मामानं चपला पायात सरकवल्या. "चल. वस्तीतल्या लोकांनी काय माझं घोडं मारलंय? पण सही त्या मॅडमसमोर करीन. तुझ्यासमोर केली तर लोक म्हणतील, म्हातारा भाचीला विरघळला."

वाटेत जागोजागी झाडं पडलेली. बाईंनी हात पुढे केला.

"म्हातारा झालोय, पडका नाही," असं म्हणत मामा खोडावर चढला आणि पलीकडे उतरताना मात्र त्यानं मुकाट्यानं तो हात धरला.

मॅडमनी मसुदा वाचून दाखवला. "खाणीत शक्यतो फक्त लाकूड, माती व विटा टाकाव्यात..."

"ते शक्यतो काढा," मामा म्हणाला. "या शक्यतोपायीच माझी विहीर गेली."

मॅडमनी एकदा बाईंकडे पाहिलं, मग पेन घेऊन तो शब्द खोडला, मामा नको म्हणतील तो ट्रक माघारी अशी ओळ घातली आणि सही केली. खाली मामानं केली.

पहिल्यांदा इस्पितळाचं फाटक मोकळं झालं. मग सगळी ताकद नाल्यावर लागली. वस्तीतली बायामाणसंही फांद्या ओढायला उतरली. दिवस मावळता मावळता नाल्यातला खालचा ढीग बांध फुटावा तसा सुटला आणि तुंबलेलं पाणी खळाळत निघालं. लोकांनी अशी आरोळी ठोकली की ट्रकवाला दचकून खाली उतरला. पाऊस आला, पण पाणी उंबऱ्यापर्यंत चढून परत फिरलं.

खाणीच्या तोंडाशी मामा छत्री घेऊन खुर्चीवर बसला होता. दुसऱ्या दिवशी एका ट्रकमधल्या फांद्यांत त्यानं काठी खुपसली, तर ती मऊ लागली.

"झाडाला गाद्या कधीपासून लागायला लागल्या रे?"

"नगराध्यक्षांच्या घरच्या आहेत, मामा."

"मग त्यांच्याकडेच ने. बिचारे झोपतील कशावर?"

ड्रायव्हरनं बाईंना फोन लावला. "मामा म्हणतील तसं," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला. नगराध्यक्ष आठवडाभर धुसफुसत होते, पण सही केलेल्या कागदापुढे त्यांचं काही चाललं नाही.

मुदत संपायच्या आत बरंचसं लाकूड घरं पडलेल्या लोकांनी टेकू द्यायला नेलं, विटा खचलेल्या रस्त्याच्या भरावात गेल्या. थोडा राडारोडा खाणीच्या तळाशी राहिला, तो हलवायचं काम अजून चालू आहे. विहिरीचं पाणी तपासणीत चांगलं निघालं. निकाल सांगायला बाई स्वतः गेल्या.

"आत्ता चांगलं आहे," मामा म्हणाला. "पावसानंतर पुन्हा तपासायचं."

"तपासू."

बाई जायला निघाल्या. मामा दारापर्यंत आला आणि ताडपत्रीची गाठ उगाचच चाचपत म्हणाला, "तुला मुलगी झाली म्हणे. कुणावर गेलीय?"

"दिसायला बापावर. हट्टाला तुझ्यावर."

"मग कठीण आहे तुझं." मामा गालातल्या गालात हसला. "रविवारी घेऊन ये. तोवर पत्रे बसवून ठेवतो."