आधी दगड हलवायचे

"मासा कुठला हवा ते गिऱ्हाइकाला नंतर विचार. टाकीसमोर कोण बसणार आहे, ते आधी विचार."

म्हातारे मालक जाऊन तीन वर्षं झाली, तरी हे वाक्य मावशीच्या कानात होतं. आज ते कानशिलात बसत होतं.

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात काउंटरवर घड्याळवाल्या काकांनी काचेची बरणी ठेवली होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण आज त्यांना बरणीचं झाकण उघडेना. आत करंगळीएवढा गोबी उताणा तरंगत होता. वाळूत बीळ करून राहणारा गरीब मासा. शेपटी उरलीच नव्हती, एका बाजूचा पर मुळापासून कुरतडलेला.

"त्या निळ्यानं मारला," काका म्हणाले. "तीन दिवस मारत होता."

धाकट्या मालकांनी मोबाईलमधून मानही वर काढली नाही. "मासे आहेत काका, भांडणारच. मावशी, दुसरा गोबी द्या यांना. जरा मोठा बघून द्या."

मावशी जागची हलली नाही.

"मावशी, ऐकलंत का?"

"ऐकलं. देणार नाही."

बावीस वर्षांत या दुकानात तिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. तो आताही चढला नव्हता.

खाऱ्या पाण्याची नवी टाकी भरली की तिचं पाणी महिना-दीड महिना कच्चं असतं. त्यात मासा टिकत नाही, टिकला तर आतून-बाहेरून भाजून निघतो. म्हातारे मालक तेवढे दिवस टाकीत नुसते दगड आणि वाळू ठेवायला लावत आणि गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवत. धाकट्यांना रिकाम्या हाताचं गिऱ्हाईक बघवत नसे. त्यांनी नवी रीत पाडली: चिवट निळा डॅमसेल मासा पहिल्याच दिवशी गळ्यात मारायचा. मेला तर दुसरा द्यायचा, जगला तर पाणी तयार. पण त्या जाळातून जो जगतो, तो टाकीचा धनी होऊन बसतो. मागून आलेल्या गरिबाला तो उभं राहू देत नाही.

हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. आणि काकांच्या निळ्याची पिशवी तिनंच बांधली होती, रबर दोनदा फिरवून. खोटं बोलायचं नाही हा तिचा रोजचा नेम. गप्प राहणं त्या नेमात बसतं, अशी तिनं तीन वर्षं स्वतःची समजूत घातली होती.

"आता तुम्ही मला धंदा शिकवणार?" धाकट्यांनी मोबाईल ठेवला.

"शिकवायला तुमचे वडील होते. तुम्ही शिकला नाहीत."

"तोंड सांभाळून बोला."

"तेच तर चुकलं माझं. तीन वर्षं सांभाळलं."

धाकट्यांचे कान लाल झाले. "उद्यापासून काउंटरवर दिसायचं नाही. मागं बसा, टाक्या घासा."

"घासते." मावशी काकांकडे वळली. त्या दिवशी विचारायचं राहिलेलं तिनं आज विचारलं. "काका, टाकीसमोर कोण बसतं?"

"ही. म्हणजे बसत नाही. झोपूनच असते."

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मावशी जाळं आणि टोपली घेऊन त्यांच्यामागोमाग निघाली.

खोली लहान, पण लख्ख. काकूंची उजवी बाजू गेल्या वर्षी गेलेली; मान तेवढी डावीकडे वळायची. म्हणून काकांनी टाकी डावीकडे मांडली होती, अगदी उशीच्या उंचीला. टाकीवर चादर होती.

"मीच टाकायला लावली," काकू म्हणाल्या. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "हे बाजारात जायचे. मी एकटी. तो त्याला कोपऱ्यात धरायचा. तीन दिवस बघितलं. मान दुसरीकडे वळत नाही गं."

"डोळे मिटायचे, काकू." बोलली आणि मावशीला स्वतःचीच लाज वाटली.

"मिटले. मिटले तरी कळतं ना, काय चाललंय."

पायाच्या नखापासून राग चढत गेला मावशीच्या. धाकटे मालक समोर असते, तर बरणी त्यांच्या पायाशी आपटली असती. पण त्या रागात त्यांचा वाटा निम्माच होता. तिनं चादर ओढून काढली. निळा काचेपाशी आला, छाती काढून.

"याला आत्ता घेऊन जाते मी."

"नेऊन काय करणार?"

तोंडाशी आलेलं सोपं उत्तर मावशीनं गिळलं. "दुकानात ठेवीन. मग मालक त्याला दुसऱ्या कुणाच्या नव्या टाकीतल्या कच्च्या पाण्यात भाजायला देतील, तुमच्याकडे दिला तसा."

"मग नको." काकूंनी निळ्याकडे बघितलं. "त्यालाही तुम्हीच भाजलंत. त्याला शहाणा करता येतो का?"

"येतो. आठ दिवस इथंच टाकीत, जाळीच्या टोपलीत कोंडायचा. मग आधी दगड हलवायचे. सगळे. ही गुहा माझी, तो कोपरा माझा, असं काही उरूच द्यायचं नाही. याच्या जिवावर पाणी आता तयार झालंय, मग क्लाऊन माशांची जोडी सोडायची. नारिंगी, धट्टीकट्टी, कुणाचं ऐकून घेणारी नाही. त्यांचं बस्तान बसलं, की दोन दिवसांनी हा. नव्या सुनेसारखा, सगळ्यांच्या शेवटी."

"आणि सासू कोण?"

"तुम्ही. पडल्या पडल्या लक्ष ठेवायचं."

काकूंचं अर्धं तोंड हसलं. मग म्हणाल्या, "आणि तो वाळूतला?"

"तो नाही. याच्याबरोबर तो कधीच नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

मावशी जाळं घेऊन टाकीवर वाकली. "गप्प बसले," ती पाण्याकडे बघत म्हणाली. निळ्यानं तिच्या बोटाच्या पेराला कडाडून चावा घेतला. तिनं हात मागे घेतला नाही.

तो टोपलीत गेला, तसं काकूंनी विचारलं, "आठव्या दिवशी येशील?"

"येईन. दगड मी हलवीन."

"मग तोवर चादर पुन्हा घाल टाकीवर."

सात दिवस मावशीनं मागच्या खोलीत टाक्या घासल्या. मिठानं तळहातांना चिरा पडल्या. पुढं काउंटरवर कुणी निळा मागितला की ती हातातला ब्रश न थांबवता आतून विचारायची, "टाकी भरून किती दिवस झाले हो?" दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. धाकट्यांनी मधलं दार लावून घेतलं. मग ती दाराशी येऊन विचारू लागली.

आठव्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळीच ती दुकानात आली. काकांनी सांगून ठेवलेल्या जोडीला तिनं आधी खायला घातलं, दोघं नीट खातात ना ते बघितलं. पिशवीत पाणी घेतलं, हवा भरली, रबर दोनदा फिरवलं.

"आज सुट्टी ना तुमची?" धाकटे गुरगुरले. "मग स्वारी कुठं?"

"दगड हलवायला."

तिनं पिशवीभोवती टॉवेल गुंडाळला, उजेडानं बावरू नयेत म्हणून, आणि ती पोटाशी धरली. कोपऱ्यावर बस उभी होती. बसला धक्के फार बसतात. ती बसच्या बाजूनं पुढं गेली आणि पाणी हिंदकळणार नाही इतक्या सावकाश चालू लागली.