बाहेरचं

साहेब, भूकंपानंतर तुमची माणसं वाडीत आली आणि टेप लावून भिंतींचे तडे मोजून गेली. मेलेली म्हैस लिहून घेतली, फुटलेले रांजण लिहून घेतले. दारात अकरा वर्षांची एक पोर बसली होती. तोंडातून शब्द नाही, डोळ्यांची उघडझाप नाही. तिला ओलांडून तुमची माणसं आत गेली, चुलीमागची भिंत मोजली आणि पुन्हा तिलाच ओलांडून बाहेर आली. पंचनाम्यात भिंत आहे, पोर नाही. तुम्हाला ती दिसली नव्हती असं म्हणू नका. पाय उचलल्याशिवाय कुणी माणूस ओलांडत नाही.

तानुबाईची ती पोर. हौसा तिचं नाव. बाप नाथाजी पलटणीत, पार सरहद्दीला. आठ दिवसांच्या रजेवर आला, पडक्या घरापुढं पत्र्याचं खोपट उभं केलं, आणि पुन्हा बंदूक खांद्याला लावायला निघून गेला. मागं तानुबाई, ही मुकी झालेली लेक, आणि शेजारच्या खोपटात थोरला दीर भाऊसो.

दिवाळी होऊन गेली होती. भुईमुगाची काढणी चाललेली. पाऊस गेल्यावर माती अशी आवळून आली होती, की वेल उपटताना बायकांच्या कंबरा कडाकडा वाजत होत्या. हौसा बांधावर बसलेली. तेवढ्यात सडकेनं धरणाकडं लोखंडाचा ट्रक गेला. जमीन पायाखाली जराशी थरारली. हौसा उठली, काढलेल्या सरीत उडी टाकली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली.

"तानुबाई, तुझी लेक सरव्याला लय चांगली गं!" रंगूबाई म्हणाली. "एक शेंग मागं ठेवायची न्हाई!"

बायका हसल्या. पण हौसाचं शेंगांकडं ध्यान नव्हतं. शेंगा वर येत होत्या, त्या ती बाजूला भिरकावत होती आणि खाली खाली जात होती. कोपरापर्यंत हात मातीत. नखांतून रक्त. मग कुणी हसलं नाही. तानुबाईनं मागून काखेत हात घालून तिला वर ओढलं.

त्या पहाटं भिंत पडली तेव्हा दोघी बहिणी एका वाकळंत होत्या. धाकटी चिंगी पाच वर्षांची. लोकांनी दगड उपसले तवा हौसा जिती निघाली. तिच्या मुठीत चिंगीचा हात होता, गार पडलेला. मूठ सोडवायला दोघं गडी लागले. त्याला दहा महिने झाले. तेव्हापासून हौसा बोलली नाही, आणि घराच्या छपराखाली गेली नाही.

भाऊसो बैल सोडून आला. "किती येळा सांगायचं? बाहेरचं हाय हे! ज्ञानू देवरुश्याकडं न्ये तिला. मंगळवारी बसतो त्यो."

"आवं भावजी, पोर भ्यालीया. भ्यायला बाहेरचं कशाला लागतंय? समदीच भ्यालो की आपुन."

"मग आपली वाचा गेली का?"

"तुमची जायला पायजे हुती," रंगूबाई पुटपुटली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"मी मिरजंला न्येते," तानुबाई म्हणाली. "तितं मोठमोठं दवाखानं हायती."

"आन् त्यांनीबी बाहेरचंच हाय म्हणून सांगितलं तर?"

"तर माझ्या हातानं ज्ञानूच्या फुडं बसवीन."

शब्द गेला. चार बायकांच्या देखत गेला.

कराडपर्यंत यष्टी, तिथून आगगाडी. गाडी हलत होती तोवर हौसानं खिडकीचे गज सोडले नाहीत. मिरजेच्या दवाखान्यात तर ती दाराच्या आत जाईना. स्लॅब बघितला आणि अंगणातल्या निंबाला मिठी मारून बसली. पण डॉक्टर भला निघाला. बाहेर आला, तिच्याजवळ उकिडवा बसला, घसा बघितला, कानापाशी टाळी वाजवली. तानुबाईला खोदखोदून विचारलं. इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. "खिडकीवर द्या, सांगतील," एवढं म्हणतो तोच आतून हाक आली आणि तो पळाला.

खिडकीतल्या कारकुनानं चिठ्ठी बघितली. "हे हितलं न्हाई, बाई. बाहेरचं हाय."

तानुबाई खिडकीला आणखी जवळ सरकली. "काय म्हनालासा?"

"बाहेरचं! बाहेरचं! मंगळवार धरून दाखवायचं. चला, व्हा फुडं."

मंगळवार धरून! आता शिकल्या-सवरल्या माणसानंच सांगितल्यावर आडाणी बाईनं काय करायचं? परतीच्या गाडीत तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

मंगळवारी ज्ञानूच्या अंगणात घोळका जमला. मिरच्यांची धुरी झाली. हौसा खोकून खोकून लाल झाली. ज्ञानूनं केरसुणी उचलली. "कोन हाईस? नाव सांग!" एक फटका. "सांग!" दुसरा. तिसऱ्या फटक्याला दहा महिने बसलेली वाचा फुटली.

"चिंगी."

"घावली!" भाऊसोनं हात जोडले. "मेलेल्या भनीनं धरलंया!"

"चिंगे, सोड हिला!" ज्ञानूनं केरसुणी टाकून निरगुडीचा फोक घेतला. "सोडती का न्हाई?"

पहिलाच वळ उमटला आणि तानुबाई लेकीवर आडवी पडली. तिच्या कानाला पोरीचं तोंड लागलं होतं. पोर हळूहळू म्हणत होती, "चिंगी, ऊठ. चिंगी, ऊठ की गं."

"नाव न्हाई सांगत ती!" तानुबाई किंचाळली. "हाका मारतीया! आरं, मेलेलीबी माझीच हाय. कुनाला मारतोस, मुडद्या?"

पोर बोलली होती ती तेवढीच. पुन्हा कुलूप.

दुसऱ्या दिवशी आप्पासो गुरुजींची शाळा चिंचेखाली भरली होती, तिथं तानुबाई चिठ्ठी घेऊन गेली. गुरुजींनी दोनदा वाचली.

"तानुबाई, ह्यात लिहिलंय, पोर वेडी नाही. मनानं दहशत घेतलीय. बोलती करता येईल. पुण्याचे मनाचे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतात, त्यांना पाच तारखेला दाखवा."

"आन् बाहेरचं?"

"बाहेरनं येणारे डॉक्टर, बाई. बाहेरगावचे. पाच तारीख काल होती."

तानुबाई हसायला लागली. गुरुजी घाबरले. "मंजी हितं केरसुणी चालली हुती, तवा तितं त्यो खुर्चीवर बसला हुता?"

पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार तिनं बोटांवर मोजत आणला. तीच गाडी, तेच गज, तोच निंब. खिडकीत तोच कारकून.

"ते आता येत न्हाईत. गेल्या म्हैन्यातल्या मंगळवारी आलं ते शेवटचं."

"का?"

"मला काय ठावं? वरून बंद झालं."

"मग पोरीला दाखवू कुनाला?"

"पुण्याला वेड्यांचं इस्पितळ हाय. पर तसं सुदीक घेत न्हाईत. वेडी हाय म्हणून लिहून पायजे, कोर्टाचा हुकूम पायजे. मग पोलीस न्येऊन पोचवतील."

"पोलीस? अकरा वर्सांच्या पोरीला? तितं लेकरांचं येगळं हाय का?"

"वेड्यांत थोर-लहान काय असतंय, बाई?"

तानुबाईनं चिठ्ठी खिडकीत ठेवली. "तुमच्याच डाक्टरानं लिवलंय, पोर वेडी न्हाई."

"मग तितं जागा न्हाई."

"आन् हितं?"

"हितं त्यो डाक्टर न्हाई."

मागची रांग ढकलायला लागली. "आवं बाई, सरका की! आमीबी आजारीच हाय!" कारकुनानं खिडकीची फळी ओढली. तानुबाईनं आत हात घातला. फळी मनगटावर आदळली, तिनं हात काढला नाही.

"ऐका. हाड मोडलं तर दवाखाना हाय. गुरांना सुदीक दवाखाना हाय. येडं झालं तर कोंडायला कोठड्या हायत्या. माझी पोर येडी न्हाई, भ्यालीया. भ्यालेल्या लेकराला न्यायचं कुठं?"

"ते वरच्या सायबांना इचारा."

"मग बोलवा सायबाला. मी न्हाई हलत. त्येनं हितं यावं, त्या निंबाखाली बसलेल्या पोरीच्या डोळ्याला डोळा द्यावा, आन् मला सांगावं. गावाचं नाव सांगावं. दार दावावं. कुठं न्यायचं? सांगा की!"