पंपघराच्या दारातलं बॅरिकेड

इकडे बघा, खाली. आत्ता ज्याच्यावर तुम्ही तुमची पिशवी अडकवलीत ना, तो मी बोलतोय. बॅरिकेड. दोन लोखंडी पाय, मध्ये एक पत्रा आणि पत्र्यावर लाल रंगाची अक्षरं. मी कुणाला आवडत नाही आणि मलाही कुणी आवडत नाही. तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. आणि ती पिशवी काढा आधी.

माझा जन्म नगरपालिकेच्या वर्कशॉपमधला. पाण्याचे जुने, काढून टाकलेले पाइप कापून वेल्डरने माझे पाय केले. त्यातही डावा बोटभर आखूड कापला.

"अरे, हा लंगडतोय की," रंगारी म्हणाला.

"त्याला कुठं पळायचंय? तू लिही गुपचूप."

रंगाऱ्याने ठळक अक्षरांत 'रस्ता बंद' लिहिलं. खाली बारीक अक्षरांत 'दिनांक' आणि 'पर्यंत' लिहून मधली जागा मोकळी सोडली. तारीख साहेब सांगतील, मग भरू, म्हणाला. साहेबांनी सांगितली नाही, ह्याने भरली नाही. ती मोकळी जागा घेऊन मी दोन वर्षं एका गल्लीच्या तोंडावर उभा होतो.

गल्ली चढणीची. वरच्या टोकाला जुनं पंपघर आणि त्यात पाण्याचं संग्रहालय. पितळी नळ, मीटर, शिशाच्या नळ्या, आणि मधोमध तो पंप. माणसापेक्षा उंच चाक, खाली साठ फूट विहीर. एके काळी सगळ्या शहराला हाच पाणी पाजायचा. माझे पाय ज्या पाइपांचे, त्यांतही ह्याचंच पाणी वाहिलेलं. म्हणजे नातं लागतं आमचं, पण मी कधी सांगायला गेलो नाही.

संग्रहालय सांभाळायच्या बाई. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या आप्पांनी तीस वर्षं तो पंप चालवला होता. पंप बंद पडला तेव्हा आप्पांनी लेकीला एवढंच बजावलं होतं, "दर मंगळवारी तेल घाल आणि चाक एक फेरा फिरव. महिनाभर फिरवलं नाहीस तर जाम होईल, मग देव आला तरी हलायचा नाही." बाईंनी एक मंगळवार चुकवला नाही. आजारी असल्या तरी यायच्या.

आता मला त्या गल्लीच्या तोंडावर कुणी आणलं म्हणता? बाईंनीच! मोठे ट्रक जवळचा रस्ता म्हणून गल्लीतून जायचे, काचेची कपाटं थडथडायची, भिंतीला तडा गेला. बाईंनी अर्ज केला, 'जड वाहनांना बंदी करावी.' रस्त्यांच्या इंजिनिअरने अर्ज वाचला. अर्धाच वाचला असणार. म्हणाला, "जड कुठलं नि हलकं कुठलं, हे बघायला तिथं कोण उभं राहणार? सरसकट बंद करा." एक सही, आणि मी हजर.

पहिल्या दिवशी बाईंनी मला फडक्याने पुसलं. "दहा-पंधरा दिवस राहा रे बाबा. भिंतीचं काम होऊ दे, मग जा." आयुष्यात कुणी माझ्याशी धड बोललं असेल तर तेवढंच.

मग शाळांच्या बस माझ्यापर्यंत यायच्या आणि उलट्या फिरायच्या. म्हातारी माणसं चढण बघून मागे वळायची. भिंतीचं काम तर झालंच नाही, कारण विटांची गाडी आत कशी येणार? बाई खेटे घालून थकल्या. तेव्हा त्यांना नगरपालिकेतली गंमत कळली. रस्ता बंद करायला इंजिनिअरची एक सही पुरते, उघडायला मात्र अख्ख्या सभेचा ठराव लागतो. असले नियम करणाऱ्यांच्या डोक्यात माझ्याएवढाच पत्रा भरलेला असतो.

बाई मग माझ्यावर राग काढायच्या. रोज सकाळी पंपघर उघडायला जाताना थांबायच्या आणि सुरू. "मेल्या, अजून उभाच का तू? मुडदा बसवला तुझा!" मीही मनात फणकारायचो, अर्ज कुणी केला होता, बाई? दोन वर्षं आमचं असं भांडण चाललं. एक दिवस खंड नाही.

बाकीच्यांबद्दल तर बोलूच नका. कुणी माझ्यावर रेलून तासतास फोनवर बोलायचं. कुणी कुत्रं बांधायचं आणि कुत्रं आपलं काम उरकून घ्यायचं. मोटरसायकलवाले लाथेने मला सरकवून जायचे, परत लावायला मात्र कुणाचा हात यायचा नाही. आणि तक्रार? ती करायला सगळ्यांत पुढे हेच.

एके दिवशी पाहणी समिती आली. तिघंजण चढण चढून धापा टाकत वर गेले, पाच मिनिटांत खाली आले आणि माझ्याच पत्र्यावर वही ठेवून लिहू लागले. 'संग्रहालयापर्यंत वाहन जात नाही. भेट देणारे दिवसाला चार. नव्या व्यापारी संकुलात, दुसऱ्या मजल्यावर हलवावे.' अहो, वाहन जात नाही हे लिहिताना ज्याच्यावर हात टेकलात त्याच्याकडे एकदा बघा तरी! पण नाही.

सभेच्या दिवशी बाई आल्या त्या थेट माझ्याकडेच. शिवी दिली नाही. पदर खोचला, मला कमरेत धरलं आणि फरफटत निघाल्या. भर दुपारी, बाजारातून. लोक बघत राहिले, हात लावायला एकजण आला नाही. नगरपालिकेच्या बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर माझा आखूड पाय आपटत होता. सभागृहाच्या मधोमध बाईंनी मला उभं केलं.

अध्यक्ष म्हणजे थंडोबा. खुर्ची पेटली तरी आधी पाणी मागवायचा ठराव मांडतील. म्हणाले, "बाई, बॅरिकेड सभागृहात आणता येत नाही."

"रस्त्यात आणता येतं ना? दोन वर्षं चालतंय तुम्हाला. इथं दोन मिनिटं चालू द्या."

"तुमचं म्हणणं काय?"

"रस्ता उघडा. गाड्या येतील, माणसं येतील. मग माझं संग्रहालय हलवायचं कारणच उरत नाही."

कारकुनाने विषयपत्रिका चाळली. "रस्ता उघडणे, विषय नऊ. संग्रहालय हलवणे, विषय सहा."

"मग नववा आधी घ्या!"

"पत्रिका छापून झालीय, बाई," थंडोबा म्हणाले. "क्रमाने जाऊ."

"अहो, पण सहावा झाल्यावर नवव्याला काय अर्थ? आणि तो पंप विहिरीत रोवलाय. तो दुसऱ्या मजल्यावर कसा नेणार?"

इंजिनिअर उठला. "पंपाचा फोटो लावू. मोठा. रंगीत."

लोक हसले. बाईंनी रस्ता कुणी बंद केला असं विचारलं, तर त्याने त्यांचाच अर्ज वर धरला. "मागणी आपली, सही आपली."   

विषय सहा, मंजूर. विषय सात, आठ, कसलीशी कुंपणं आणि कुंड्या. विषय नऊ. थंडोबा म्हणाले, "आता तिथं संग्रहालयच राहत नाही, तेव्हा रस्ता बंद ठेवण्याचं कारण नाही. उघडावा." एकमताने मंजूर. टाळ्यासुद्धा वाजवल्या, मुर्दाडांनी.

दोन वर्षांत त्या गल्लीत शिरलेली पहिली मोठी गाडी म्हणजे संग्रहालयाचं सामान न्यायला आलेला ट्रक. नळ गेले, मीटर गेले, कपाटं गेली. पंप तेवढा राहिला.

बाईंना लेखी ताकीद मिळाली. नगरपालिकेच्या वस्तूला पुन्हा हात लावला तर नोकरी जाईल. आणि मला? तडा गेलेली इमारत धोक्याची ठरवून मला पंपघराच्या दारातच आणून उभं केलं. त्याच रंगाऱ्याने 'रस्ता' पुसून 'प्रवेश' केलं. तारखेची जागा अजून तशीच आहे.

बाई आता दुसऱ्या मजल्यावर फोटोखाली बसतात. पण मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी इथं येतात. हातात तेलाची बुधली, कमरेला किल्ली. माझ्यापुढे उभ्या राहतात, पत्र्यावरचं वाचतात आणि परत जातात. तीन मंगळवार झाले. शिवी नाही, शब्द नाही. लोक लाथा मारायचे तेव्हा वाटलं नव्हतं, पण हे मला सोसत नाही.

बाई, चौथा मंगळवार उद्या आहे. आप्पांनी महिना सांगितला होता. मी काही भिंत नाही, वीसेक किलोचं लोखंड आहे. बावीस पायऱ्या चढवलंत मला, मग हा एक उंबरा काय? माझा डावा पाय आखूड आहे, त्या बाजूने ढकला. बोट लावलंत तरी पडेन. कुणी विचारलं तर सांगा, लंगडं होतं, आपणहून पडलं. आत जा, तेल घाला, चाक फिरवा. आणि जाता जाता मला एक सणसणीत शिवी द्या, पहिल्यासारखी.