दोनच शब्द द्यायचे

नाटकाची एक जुनी वही चोरीला गेली म्हणून इन्स्पेक्टर स्वतः आलेला पाहून थिएटरचा मॅनेजर चाटच पडला. असल्या फुटकळ चोरीला हवालदारसुद्धा कुरकुरत आला असता. पण ती वही इन्स्पेक्टरच्या बायकोच्या हातची होती. अकरा वर्षं ती याच थिएटरात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसून, नट अडला की पुढचे शब्द द्यायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. घरी तिच्या अक्षरातला एक कागद म्हणून उरला नव्हता, वाणसामानाची यादीसुद्धा नाही. त्या अक्षरासाठी त्याचा जीव नुसता तुटत होता.

"उद्या शेवटचा प्रयोग, परवा इमारत पाडायला माणसं येणार," मॅनेजर रडकुंडीला आला होता. "एकुलती एक प्रत, साहेब! बाई गेल्यापासून हे नाटक लावलंच नव्हतं. आणि आमचे राजे दुसऱ्या अंकात अडतात म्हणजे अडतातच. वही नसेल तर नाक कापलं जाईल आमचं."

राजे म्हणजे पंचाहत्तरीचा मुख्य नट. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या, मग गल्लीतली माणसंही त्याला राजेच म्हणायला लागली.

इन्स्पेक्टरनं कपाट पाहिलं. कुलूप शाबूत, किल्ली खिळ्याला. म्हणजे चोर घरातलाच. कुणाला काही न विचारता तो मागच्या रांगेत बसला आणि दुपारची तालीम बघू लागला. दुसऱ्या अंकात राजे थांबलेच. सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. इन्स्पेक्टर मात्र पुढे झुकला. विसरलेली माणसं त्यानं चौकीत ढिगानं पाहिली होती. ती घाम पुसतात, छताकडे बघतात. राजे शांतपणे डाव्या विंगेतल्या रिकाम्या स्टुलाकडे बघत होते. गडी चक्क कुणाची तरी वाट बघत होता.

तालीम संपल्यावर इन्स्पेक्टर रंगपटात शिरला. "राजे, वही काढा."

राजेंनी आढेवेढे घेतले नाहीत. मुकुटाच्या पेटीतून वही काढून त्याच्या हातात दिली. "उद्या यातून दुसऱ्या कुणी शब्द द्यावेत, हे सोसवेना मला. साहेब, मी कधीच विसरलो नाही. बाईंचा आवाज ऐकायला थांबायचो. अख्खं वाक्य नाही द्यायच्या हं, दोनच शब्द. बाकीचं नटाचं, म्हणायच्या."

इन्स्पेक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या बायकोचा आवाज, आणि या म्हाताऱ्यानं अकरा वर्षं कान भरून ऐकला! मग त्याची त्यालाच लाज वाटली. घरी ती बोलायची तेव्हा आपलं लक्ष कुठे असायचं?

"तिला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? लिहून ठेवलंय बघा पेन्सिलीनं, 'हा मुद्दाम थांबतो. द्यायचं.'" राजे हसले, पण ते हसू टिकलं नाही. "एकदाच मी थांबलो आणि बाईंनी दिलंच नाही. का, ते काल कळलं. खाली वाचा. या वयात जळफळाट झाला हो माझा."

समासात बारीक अक्षरात तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, 'आज हे आले. मागे दाराशी उभे होते. द्यायचं राहिलं.'

इन्स्पेक्टरला तो दिवस आठवला. बंदोबस्तावर जाता जाता तो दहा मिनिटं आत डोकावला होता. बसलासुद्धा नव्हता. अंधारात आपल्याला कोण बघतंय, असं समजून घरीही बोलला नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. त्याला भडभडून आलं.

"अगं, सांगायचंस तरी," तो वहीलाच म्हणाला.

वही चुकून मुकुटाच्या पेटीत गेली होती, असं त्यानं मॅनेजरला सांगून टाकलं. "आणि उद्या स्टुलावर मी बसतो."

"तुम्ही? कधी केलंय का हे काम?"

"दोनच शब्द द्यायचे असतात ना?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेआधीच तो विंगेत जाऊन बसला. थिएटर खचाखच भरलं होतं. दुसऱ्या अंकात राजे थांबले, मान डावीकडे वळवली. इन्स्पेक्टरचं बोट तिच्या पेन्सिलीच्या रेघेवर होतं. 'उशीर झाला', एवढ्यालाच तिनं खाली रेघ मारली होती.

पण त्याच्या तोंडून अख्खं वाक्य गेलं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.

"उशीर झाला, पण आलो."

राजेंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही.