रिकाम्या वाटीचा रंग

सर साधं बोलतच नसत. "आतडं" म्हणायचं झालं तरी आधी घसा खाकरायचा आणि ऐकणारे पुरेसे जमलेत ना, ते बघून घ्यायचं. कुठल्याशा पाल्याचा अर्क काय काढला, स्वारी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसली, ती खाली यायचं नाव घेईना! सभेत तेच, जेवतानाही तेच: आतड्याच्या पेशींची आग शमवणारा अर्क, आणि तो शोधणारे हे.

प्रयोग तसा सोपा. प्लास्टिकच्या ताटलीत बोटाच्या पेराएवढ्या वाट्या असतात, त्यांत आतड्याच्या पेशी वाढवायच्या. त्यांना जाळणारं रसायन सोडायचं आणि शेवटी एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो रंग जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. अर्क घातलेल्या वाट्या गर्द जांभळ्या झाल्या, आणि सरांनी पेशी वाचल्याची दवंडी पिटली. पेशींशिवाय नुसता अर्क आणि रंग घालून बघायच्या वाट्या मात्र त्यांनी लावूच दिल्या नाहीत. "रिकाम्या वाटीत काय दिसणार? ताटल्या काय झाडाला लागतात?" म्हणाले. वा रे शहाणे!

त्यांच्या सहकारी बाईंनी एक दिवस न विचारता त्या लावल्या आणि ताटली सरांच्या टेबलावर आणून ठेवली. रिकाम्या वाट्याही तितक्याच जांभळ्या!

"अर्कच तो रंग जांभळा करतो, सर. इथे तर पेशीच नाहीत. मग वाचलं कोण?"

जगाचं सोडा, सरांच्या धाकट्या भावाचं आतडं कैक वर्षं सुजलेलं होतं, आणि त्याला ह्यांनीच घरी जाऊन ऐकवलं होतं, "सख्खा भाऊ संशोधक असताना गोळ्या कसल्या गिळतोस?" त्या दिवसापासून गोळ्या बंद करून तो दादाचा अर्कच पीत होता. आता फोन उचलून दोन शब्द सांगायचे, एवढंच काम होतं. पण त्यासाठी मान खाली घालावी लागली असती, आणि ती सवय मानेला नव्हती. "पुन्हा करून बघू," म्हणत सरांनी ताटली कपाटात सारली. हे "पुन्हा" कधी उजाडणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

उजाडला तो भावजयीचा फोन. "भाऊजी, लवकर या. रक्त थांबत नाहीये, ह्यांना हॉस्पिटलात आणलंय."

भाऊ खाटेवर पांढराफटक पडला होता. डॉक्टरबाई चिडल्या होत्या. "गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?"

"माझ्या दादाने!" भाऊ अभिमानाने म्हणाला. "संशोधक आहे तो. अर्क होता म्हणून एवढ्यावर निभावलं, नाहीतर मी कधीच गेलो असतो. दादा, बाटली आणलीस ना?"

आणली होती! घरातून निघताना सवयीने पिशवीत टाकली होती. ह्याला म्हणतात शहाणपण!

"सुईवाटे औषध आत्ता सुरू केलं नाही तर आतडं कापावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मला ती सुई नको. दादा सांगेल तेच."

सरांना घसा खाकरायचंही सुचलं नाही. "अरे, अर्कात काही नाही. रिकाम्या वाटीतही तसाच रंग येतो. मी चुकलो. सुई घे."

भाऊ चक्क हसला. "ऐकलंत डॉक्टर? एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही!"

घ्या! जन्मभर नाकाने कांदे सोलले, आणि एकदा खरं बोलले तर त्याची गणना नम्रपणात!

भावाने बाटलीसाठी हात पुढे केला. सरांनी पिशवीतून बाटली काढली, कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले आणि उपडी केली. हिरवं पाणी घळघळत खाली गेलं.

भावाचं हसू मावळलं. "सगळ्या जगाला ह्याचं कौतुक सांगत सुटतोस, आणि मी मरायला टेकलो तर मोरीत ओततोस?"

"अरे, ऐक तरी..."

"काही ऐकायचं नाही." त्याने तोंड फिरवलं आणि दंड डॉक्टरबाईंपुढे केला. "टोचा काय टोचायचं ते. ह्याच्या हातचं आता पाणीसुद्धा नको मला."

डॉक्टरबाईंनी लगेच सुई लावली. सर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि हुंदके देऊन रडले. भाऊ वाचणार होता, आणि बाटली ओतली ती त्याच्यासाठीच, हे त्याला कधीच पटवता येणार नव्हतं.