कपाळावरची शिडी

आई तुळजाभवानीची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं परतूरच्या अलीकडं कडूबाच्या वस्तीवर जावं आणि त्याच्या घोड्यालाच विचारावं. घोडं खोटं बोलत न्हाई.

तर भुजंगआबांनी त्याच घोड्याच्या कपाळावरचे केस ओल्या बोटांनी बाजूला सारले, डोळे बारीक करून बघितलं, आणि तव्याला लागावा तसा हात मागं घेतला.

"चल गं तृप्ती. बस गाडीत. हे न्हाई जमायचं."

"का, आबा?"

"शिडी हाय."

आबांच्या नातीला याहून जास्त सांगावं लागत नव्हतं. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे कुठं पडलेत ते बघून घोडा लाभेल का बुडवेल ते आबा सांगायचे. माळेगावच्या यात्रेत लोक घोडा शोधायच्या आधी आबांना शोधायचे. गळ्याखाली भोवरा असला तर देवमण, घरात लक्ष्मी. आणि कपाळावर एकाखाली एक दोन असले तर शिडी. असा घोडा धन्याला बिनजिन्याचा वर पोचवतो म्हणतात.

तृप्ती मात्र जागची हलली न्हाई. मागं पिकअपमध्ये सरकी उभी होती, तिची घोडी. रंगानं सरकीसारखीच करडी, आणि स्वभावानं फुटाणा. पुण्याला अडथळ्यांवरून उड्यांच्या शर्यतीत तिनं भल्याभल्यांचे घोडे मागं टाकलेले. मंग पुढच्या पायाची नस गेली आणि खेळ संपला. वयही होत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, शिंगरू पाहिजे तर याच हंगामात घोडा दाखवा, पुढचं काही सांगता येत न्हाई. सरकी दोन दिवसांपासून माजावर होती. तृप्तीला तिचं एकच शिंगरू पाहिजे होतं, पण उडणारं.

आबांनी घोडा कवाच ठरवला होता. परतूरच्या बद्रीनाथचा राजहंस. दुधासारखा पांढरा, गळ्याला देवमण, हलगी वाजली की मागच्या पायांवर नाचणारा. वाटेत कडूबाच्या वस्तीवर थांबायचा हट्ट तृप्तीचा.

"आबा, राजहंस वरातीत नाचतो. सरकीच्या लेकराला काय नवरदेव वागवायचाय का?"

"नाचला तर नाचला. धनी तर जित्ता राहतो ना!"

कडूबा चहा घेऊन आला. घोडा त्याच्यासारखाच, मातकट आणि हाडापेरानं मोठा. त्यानं आबांपुढं कप धरला.

"बाबा, भवऱ्याचं मला कळत न्हाई. पण उडीचं इचारा. अंकुशनगरच्या रस्त्याला उसानं भरलेली ट्रॉली आडवी लागल्ती. आमचे हे महाराज थांबले, जरा इचार केला, अन् गेले की वरून! ट्रॉलीत बसलेल्या मुकादमाची टोपी बी हलली न्हाई."

"टोपी व्हती का त्याच्या डोक्यात?" आबांनी बशीत चहा ओतत विचारलं.

कडूबा हसला. "थांबा, पाणी पाजायचा टाइम झाला." त्यानं बादली उचलली, दगडी गडग्याच्या पल्याड नेऊन ठेवली आणि कडी वाजवली.

घोड्यानं कान पुढं केले. पळाला न्हाई. चालत आला, गडग्याकडं मान वाकवून बघितलं, जशी बाई उंबऱ्यावरची रांगोळी बघते, आणि गुडघे पोटाशी घेऊन छातीएवढ्या गडग्यावरून पलीकडं उतरला. मांजर ओट्यावरून उतरावं इतकाच आवाज. मंग पाणी पिऊन राह्यला.

तृप्तीच्या हातातला कप तसाच राहिला. सरकी प्रत्येक अडथळ्यावर भांडायला गेल्यासारखी धावायची आणि दाणकन उतरायची. तिथंच तिचा पाय गेला. तिच्या आगीला असंच पाणी पाहिजे होतं.

"आबा, बघितलं?"

आबांनी गडग्यापलीकडं जाऊन मातीत उमटलेले खूर बघितले. मंग धोतर सावरत पिकअपमध्ये चढले.

सरकीच्या कपाळावरच्या झुलपाची वेणी आबा रोज सकाळी तेल लावून स्वतः घालायचे. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे न्हाईत. शर्यत असली की रात्रीच्या रेल्वेनं तेवढ्यासाठी पुण्याला यायचे. तृप्तीला वाटायचं, म्हाताऱ्याची माया.

आज त्यांनी ती वेणी सोडली.

"ये. बघ."

केसांखाली दोन भोवरे होते. एकाखाली एक.

"आबा... ही बी शिडी?"

"यात्रेत हिला कुणी हात लावत नव्हतं. अन् ही पोरगी दावं तोडून नाल्यावरून अशी गेल्ती..." आबांचा हात हवेत गेला आणि जरा वेळ तिथंच राहिला. "तुझ्या आजीला म्हणलं, देवमण हाय."

"म्हंजे इतकी वर्षं..."

"मंग? गेलो का मी वर?"

तृप्तीला हसू आवरेना. आबांनी बाहेर डोकं काढून हाक मारली, "कडूबा, फळी लाव. घोडी उतरव."

अकरा महिन्यांनी सरकीला शिंगरू झालं, मातकट, नुसते पायच पाय. गल्ली जमली. आजी, म्हणजे उषाबाई, ओवाळायला ताट घेऊन आल्या.

"आधी भवरे बघा हो. मंग ओवाळते."

आबांचा पंजा शिंगराच्या कपाळावर होता. तान्ह्या कपाळाला नुसती लव. झुलूप न्हाई, वेणी घालायला काही न्हाई. लोक बघत होते. शिंगरानं मान झटकली, समोरची वैरणीची रिकामी पाटी जरा वेळ न्याहाळली आणि टुणकन तिच्यावरून गेलं.

आबांनी त्याला परत जवळ घेतलं, आणि हात काढून घेतला.

उषाबाई वाकल्या. "अगं बया! अहो, हे तर..."

"व्हय," आबा म्हणाले. "आईवर गेलंय."

उषाबाईंनी सरकीच्या घट्ट वेणीकडं बघितलं. मंग आबांकडं बघितलं, चांगलं खालून वर. ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि दोन्ही भोवरे झाकतील एवढा मोठा टिळा शिंगराच्या कपाळावर लावला.

सगळं खरं आहे. फक्त ती ट्रॉली रिकामी होती. कडूबा बिचारा तसंच म्हणाला होता; ऊस मी इथं भरला.